मागासलेला भाग आणि कल्पक हात

एखादा भाग मागासलेला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा काय डोळ्यांपुढे येते? रस्ता नाही, वीज नाही, पाटाचे पाणी नाही. ही उणीव मोजता येते. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या, प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण अशा बाबींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागे आहे, याचा हिशेबच मांडला. ‘अनुशेष’ म्हणतात तो हाच. त्याआधी, १९६४ पासून, मागास भागात कारखाना काढणाऱ्यांना सवलतीही मिळू लागल्या होत्या.

हे सारे हवेच. पण सवलतीसाठी आलेला कारखाना सवलत संपल्यावर राहीलच, याचा काय भरवसा? आणि तो राहिला, तरी गावातला बिघडलेला पंप दुरुस्त करायला तालुक्याहूनच माणूस यायचा असेल, तर गाव पुढे गेले कसे म्हणावे? अडलेले काम स्वतः सोडविण्याची ताकद गावात किती आहे, हा अनुशेष कोणत्या तक्त्यात मांडणार?

तो भरून कसा काढता येतो, हे पाबळला दिसते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले हे कोरडवाहू गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मुंबईची संशोधनाची नोकरी सोडून तेथे गेले आणि १९८३ साली त्यांनी ‘विज्ञान आश्रम’ काढला. विद्यार्थी कोण? बहुतेक शाळा सुटलेली मुले! काम करता करता शिकायचे, आणि ते काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे, हा तिथला दंडक. मुले वेल्डिंग शिकली, घुमटाकार घरे बांधू लागली, जमिनीत पाणी कुठे लागेल याचा यंत्राने अंदाज घेऊ लागली. यात मोठी शिस्त आहे बरे का! फाटक नीट लागत नसेल, तर शेतकरी ते तोंडावर सांगतो. तिथे गुणपत्रिकेची वाट पाहावी लागत नाही.

हे शिक्षण पुढे माध्यमिक शाळांतही गेले. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या सहकार्याने पाबळलाच संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची ‘फॅब लॅब’ निघाली. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले; त्यांचे काम मात्र थांबले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, शासनाचे धोरण मुंबईत ठरेल. त्याची सुरुवात आपल्या वर्गातून होऊ शकते. दुरुस्तीसाठी गावाबाहेर काय काय न्यावे लागते, याची यादी मुलांकडून करून घ्या. त्यातले एक काम यंदा शाळेत शिकवा. पुढच्या वर्षी ती यादी एका ओळीने तरी कमी झालेली असेल.