वाटेवरचे ठसे



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टराने पायांच्या ठशांवर बोलावे, हे तुम्हांला थोडे अजब वाटेल. आपण सारे वाचणारे लोक आहोत. मातीवरचेही कधी वाचावे, एवढीच माझी सबब.

पिरनवाडीला खानापूरचा आणि जांबोटीचा रस्ता वेगळा होतो. जांबोटीच्या रस्त्याने तास-सव्वा तासात कणकुंबी येते. मलप्रभा तिथेच, माऊलीच्या देवळापाशी उगम पावते. रविवारी दवाखाना बंद, म्हणून थंडीत आम्ही तीन-चार जण पहाटे त्या डोंगरांत जातो. हिमालयात जनावरांचा माग बर्फावर काढतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण पौषात दव इतके पडते की वाटेवरची तांबडी धूळ भिजून बसते आणि रात्री कोण कोण गेले ते उजाडताना स्वच्छ दिसते. तेही ऊन चढेपर्यंतच; पुढे गुरे आणि मोटारसायकली सगळे पुसून टाकतात.

लहानपणी विहाराला निघालेल्या मुनिमहाराजांच्या मागून मी चाललो आहे. चार हात पुढची जमीन पाहत ते पाऊल टाकायचे. याला ईर्यासमिती म्हणतात; पायाखाली जीव सापडू नये हा हेतू. ती सवय मला रानात कामी आली. मग कळू लागले, की मांजरकुळातले जनावर चालताना नखे आत ओढून घेते, म्हणून त्याच्या ठशात नखे नसतात; रानकुत्र्याच्या ठशात असतात. अस्वलाच्या पाच बोटांपुढे लांब नखांचे ओरखडे दिसतात. गव्याचा खूर भल्या मोठ्या बैलासारखा, आणि भेकराचा इतका नाजूक की नजर चुकवून जातो.

एवढे कळले, की माणसाला आपण पंडित झालो असे वाटू लागते. माझेही तेच झाले. एका ओढ्याकाठच्या चिखलात रुंद ठसा दिसला आणि मी ओरडलो, "पट्टेरी!" परतताना चहाच्या टपरीवर तेच सांगितले.

2020 च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले होते. त्यांना विष घातले होते. माझी गोष्ट त्यानंतरच्या हिवाळ्यातली. आठवड्याने तिकडचा एक ओळखीचा शेतकरी दवाखान्यात आला. त्याचे वासरू मारले गेले होते, अर्धे खाल्लेले तिथेच पडले होते. त्याने खोकल्याचे औषध घेतले आणि जाता जाता विचारले, "डाक्टर, वाघच हाय न्हवं? नक्की?"

त्या 'नक्की'ने माझी झोप उडाली. वाघाविरुद्ध साक्षीदार मी एकटा.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून तिथल्या एका गवळीधनगराला घेऊन ओढ्यावर गेलो. ठसा सुकला होता. त्याने तो पाहिला आणि काही न बोलता पलीकडच्या घट्ट जमिनीवर गेला. तिथे त्याच जनावराची पुढची पावले होती, पण कितीतरी लहान. "बिबट्या, डाक्टर. चिखलात पाय पसरतो की."

बर्फातही असेच होते. 1951 साली एरिक शिप्टन यांनी हिमालयातल्या एका हिमनदीवर टिपलेला भलामोठा ठसा हिममानवाचा म्हणून जगभर गाजला. पण उन्हाने बर्फ वितळले की साधाही ठसा पसरतो. आपली 1972 सालची देशव्यापी व्याघ्रगणना ठशांवरच झाली होती. माती बदलली की एकाच वाघाचा ठसा वेगळा दिसतो, ही तिची मोठी अडचण. पुढे कॅमेरे लावावे लागले. तिथे माझी काय कथा!

तसाच त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो आणि चुकलो म्हणून सांगितले. बिबट्याही वासरू मारतोच, तेव्हा याने काय फरक पडणार, अशी धाकधूक होती. तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "बिबट्या व्हय? तो कायमचाच हाय." वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करायला मी त्याच्याबरोबर गेलो. पंचनामा झाल्यावर वासरू पुरले.

आता माझ्या पिशवीत फूटपट्टी असते. टपरीवर मात्र मी फक्त चहा पितो.