किडलेली दाढ आणि सभ्य नकार
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



वेतन, जमीन, पाणी या आपल्या नेहमीच्या प्रश्नांशेजारी मुलाची किडलेली दाढ क्षुल्लक दिसते. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती क्षुल्लक नाही.

प्रतिकारशक्ती खालावली की तिची खूण पुष्कळदा तोंडात उमटते. जिभेवर व टाळूवर बुरशीचे पांढरे थर धरतात, हिरड्यांच्या कडा लाल होतात, कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात. लाळ कमी झाली की दातांचे नैसर्गिक रक्षणच जाते. त्यात औषधांची भर. मुलांची अनेक पातळ औषधे साखरेने गोड केलेली असतात आणि रात्रीचा चमचा घेऊन मूल तसेच झोपते. मग दात किडतो, घास चाववत नाही, वजन घटते. आणि ज्याला रोजचे औषध आयुष्यभर चुकवता येत नाही, त्याला तोंड उघडणेच नकोसे होते. औषधानंतर चूळ, दोन वेळा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, ठरावीक काळाने तपासणी, एवढ्याने यातले बरेच टळते.

मग अडते कोठे? दवाखान्याच्या दारात. ‘आमच्याकडे सोय नाही, मोठ्या रुग्णालयात न्या’, असा सभ्य नकार मिळतो. त्यामागे शास्त्र नाही, भय आहे. हातमोजे, मुखपट्टी, निर्जंतुक केलेली हत्यारे ही दक्षता प्रत्येक रुग्णासाठी घ्यावयाचीच असते. स्वतःच्या संसर्गाची कल्पना नसलेला माणूसही त्याच खुर्चीत बसून जातो. खरे सांगणाऱ्या आईला परत पाठविणे म्हणजे तिला पुढच्या वेळी लपवायला शिकविणे होय.

सरकारने २००४ मध्ये मोफत एआरटी औषधोपचार सुरू केला, २००६ मध्ये मुलांसाठी खास कार्यक्रम आला. मुले जगू लागली; त्यांचे दात मात्र बहुतांशी बाजाराच्या हवाली राहिले. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारणे त्याने भेदभाव ठरविले. पण तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन वीस वा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थांना. तालुक्याच्या गावी दंतवैद्याकडे मदतनीस एक, फार तर दोन! तेथल्या नकाराविरुद्ध दाद मागावयाची ती राज्याच्या लोकपालाकडे. तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो चोवीस तासांत आदेश द्यावा, असेही कायदा म्हणतो. आई-बाप गमावलेल्या नातवाला घेऊन हिंडणाऱ्या आजीला हे कोण सांगणार? आणि तक्रार केली तर गावात बभ्रा होण्याचे भय आहेच.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. एआरटी केंद्रात महिन्यातून निदान एकदा दंतवैद्य बसला पाहिजे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत; पण गडचिरोलीच्या मजुराने एका दाढेसाठी मजुरी बुडवून नागपूर गाठावे, ही व्यवस्था नव्हे.

पुढील बैठकीस येताना आपल्या तालुक्यातील कोणत्या सरकारी रुग्णालयात दंतवैद्याची खुर्ची आहे, ती चालते का, तेथे माणूस नेमलेला आहे का, हे प्रत्यक्ष पाहून या. मुलांची नावे मात्र कोणत्याही कागदावर आणू नका.