काचेच्या इमारतीतले गुमास्ते

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपल्याला चिडवायला वापरतात. मला ती धीराची वाटते. कुठे जमलं नाही तर परतायला गाव आहे! पण समोर बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं पुण्यात खराडी-हिंजवडीला आहेत. त्यांना विचारा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झाला आणि गल्लीत पेढे वाटून झाले की परभणीला परतता येत नाही. मोठ्या सल्लागार कंपन्यांचं बरंचसं 'वर्क कल्चर' या अडकलेपणावर उभं आहे.

2024 मध्ये अर्न्स्ट अँड यंग या अशाच सल्लागार कंपनीशी संलग्न संस्थेत, पुण्यात मार्चमध्ये रुजू झालेली केरळची 26 वर्षांची सीए जुलैत वारली. आईनं कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात देशभर वाचलं गेलं. रात्री उशिरापर्यंत काम, रविवारीही काम, आणि अंत्यविधीला कंपनीतून कोणीच नाही, असं त्यात होतं. कामाच्या ताणानं मृत्यू झाला, हे कंपनीनं मान्य केलं नाही. तो निवाडा मी करणार नाही. मला चटका लावला तो पुढच्या बातमीनं. कामगार खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले, तर 2007 पासून चालू असलेल्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती.

म्हणजे आपला गुमास्ता! मोंढ्यातला आडत्यासुद्धा तो कागद भिंतीवर लावतो. तेव्हा 2017 च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला नुसती सूचना पुरायची. दहा किंवा जास्त असतील तर नोंदणी लागायची. त्या वेळच्या तरतुदीप्रमाणे दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, एक सुटी, आणि जादा कामाला दुप्पट पैसे. पळवाट एकच, पण रुंद: गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्यांना कायदा लागू नाही. तेविसाव्या वर्षी पोरांच्या नावापुढे भारदस्त पदं का लागतात, हा प्रश्न मला इथे पडतो.

गंमत अशी, की तास मोजण्यात सल्लागारीच्या धंद्याचा हात कोणी धरणार नाही. ग्राहकाला बिल बहुतेकदा तासांच्या हिशेबानं ठरतं, म्हणून टाइमशीट भरावी लागते. कामाला किती तास, हे आधीच ठरलेलं असतं. काम त्यात बसलं नाही, तर खालचा पोरगा पुष्कळदा ठरलेलेच तास लिहितो आणि उरलेले गिळतो. जास्त लिहिले तर मॅनेजरचं गणित बिघडतं, आणि वर्षअखेरची श्रेणी मॅनेजरच्याच हातात. झालेल्या कामाची नोंदच राहत नाही, मग तक्रार कशाच्या जोरावर करायची?

गिरणी कामगारांनी ती एकदा करून दाखवली होती. त्यांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणीतल्याच नोकरीत होते. त्यांनी 1884 मध्ये रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली. मालकांनी ती मानली 10 जून 1890 ला. गिरणीतल्या माणसाला आपण कामगार आहोत याबद्दल शंका नव्हती. पुण्यात आयटीतल्यांची 'नाइट्स' ही संघटना कामगार आयुक्तांकडे जाते, हे चांगलंच. सल्लागारीतल्या पोरांना मात्र 'कामगार' म्हणवून घ्यायला संकोच वाटतो. त्यात त्यांचा दोष थोडा. लग्नाच्या बायोडाटात 'कन्सल्टंट' ठळक अक्षरात छापून आणतो ते आपणच.