नामसूचीतली नावं

स्वातंत्र्यलढ्यावरचं पुस्तक हातात आलं, की मी आधी शेवटची पानं उघडतो. तिथं नामसूची असते. बी. ए. करतानाची ही सवय. आमच्या घरात ज्या नावांनी हाका मारल्या जातात, तसली नावं त्या यादीत किती, हे मी बोटांवर मोजायचो. ‘तुमच्या लोकांनी लढ्यात काय केलं?’ असं कुणीतरी सहज विचारलेलं असे. त्याचं उत्तर मी पुस्तकांत शोधत होतो.

या शोधात मला सोलापूर सापडलं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. पोलिसांनी गोळीबार केला, जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले, मग शहरात लष्करी कायदा लागू झाला. पुढे खटला चालला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी आपल्या येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन तरुण पत्रकार होते. गांधीजी तेव्हा त्याच तुरुंगात होते. ते २६ जानेवारीला सुटले.

देशाच्या जाडजूड इतिहासात या सगळ्याला फार तर एखादा परिच्छेद मिळतो. सोलापुरात मात्र चारही हुतात्म्यांचे पुतळे एकत्र उभे आहेत. मी शोधत होतो एक नाव, हाती चार आली. त्यांतलं एक वेगळं काढून ‘हे आमचं’ म्हणायला मन धजेना. आता कुणी तो जुना प्रश्न विचारला, तर मी चारही नावं एका दमात सांगतो.

येरवड्याशी जोडलेलं आणखी एक नाव दामोदर हरी चापेकरांचं. प्लेगच्या काळातल्या जुलमाने पुणं संतापलं होतं. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना येरवड्यात फाशी झाली. तुरुंगात असताना त्यांनी आत्मवृत्त लिहिलं. त्यात सुधारकांवर राग आहे. काही मतं माझ्यासारख्या मुसलमान वाचकाला बोचतातही. तरी ते पुस्तक मी बाजूला सारत नाही. धैर्य खरं आणि मतं न पटणारी, हे दोन्ही एका माणसात नांदू शकतं, हे त्याच्याच शब्दांतून कळतं. गौरवग्रंथांत यातलं एक बहुधा गळतं.

कधी लेखक स्वतःच काही मागे ठेवतो. मौलाना आझादांचं ‘इंडिया विन्स फ्रीडम’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९५९ मध्ये आलं. पण त्यातली तीसेक पानं त्यांच्याच इच्छेने मोहोरबंद राहिली. ती उघडली १९८८ मध्ये. हेच मौलाना १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरूंबरोबर कैदेत होते. नेहरूंनी तिथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हजारो वर्षांच्या देशाबद्दल. मौलानांनी उर्दूत पत्रं लिहिली, चहाबद्दल, चिमण्यांबद्दल. पत्नी गेल्याची बातमीही त्यांना त्याच किल्ल्यात कळली. ती पत्रं पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने निघाली. किल्ला एक, पुस्तकं दोन. एकच वाचलं, तर अर्धा किल्ला अंधारात राहतो.

म्हणून तरुण मित्रांना माझं सांगणं एवढंच, की एका पुस्तकावर थांबू नका. दुसरं घ्या, शक्यतो पहिल्याशी भांडणारं. देशाच्या इतिहासाशेजारी एखाद्या गावाचा इतिहास ठेवा, चरित्राशेजारी आत्मचरित्र ठेवा. आणि शेवटची नामसूची जरूर पाहा. आपलं नाव शोधून झालं, की कुणाचं राहून गेलं तेही शोधा. ते सापडेल अशा पुस्तकाची चिठ्ठी मग ग्रंथपालाच्या हाती द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)