अक्कलदाढ सुजते तेव्हा



अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, आणि तोवर जबड्यातली जागा बहुतेक भरलेली असते. त्यामुळे खालची अक्कलदाढ अनेकदा तिरकी अडकते, नाहीतर अर्धीच वर येते. उरलेल्या भागावर हिरडीचं झाकण राहतं. त्याखाली भाताचं शीत, भाजीचा धागा जाऊन बसतो. ब्रश तिथे पोचत नाही. जंतू वाढतात, हिरडी सुजते. मग वरची दाढ प्रत्येक घासाला त्या सुजेवर आपटते आणि दुखणं वाढतच जातं.

शेवटच्या दाढेमागे ठणका लागतो, तोंडाला घाण चव येते, गिळताना दुखतं. कळ कानापर्यंत जाते, म्हणून पुष्कळजण कानाचंच दुखणं समजून कानात तेल घालत बसतात.

पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची खूण वेगळी आहे: तोंड किती उघडतं? आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये उभी घालून पाहा. एरवी ती सहज मावतात. दुखऱ्या दाढेबरोबर दोनच मावू लागली, तर सूज जबड्याच्या स्नायूंपर्यंत पोचली आहे असं समजा आणि त्याच दिवशी दंतवैद्याकडे जा. गुटखा, खर्रा किंवा सुपारी खाणाऱ्यांना आणखी एक सांगतो. ठणका नसताना तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तिखट झोंबू लागलं, तर दाढेला दोष देऊ नका. तो गालाच्या आतली त्वचा आखडण्याचा आजार असू शकतो, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तपासणी लगेच करून घ्या.

दवाखान्यात जाईपर्यंत पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरा. मऊ ब्रशने ती जागा हलकेच साफ करा. सोसत असेल तर पॅरासिटामॉल घ्या. मिशरी लावू नका, तंबाखूची गोळी दाबून धरू नका. लवंगेचं तेल ओतू नका, त्याने हिरडी भाजते. गालावर गरम शेकही नको.

दंतवैद्य झाकणाखालची घाण धुऊन काढतात. खरा उपचार तोच. ताप असेल, सूज पसरत असेल, तरच प्रतिजैविकांची गरज पडते. घरात उरलेल्या दोन गोळ्या किंवा शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून आणलेलं औषध घेतलं, तर ठणका दबतो, कारण मात्र जागेवरच राहतं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. असं वारंवार होत असेल तर एक्स-रे काढून दाढ काढणं योग्य. दाढ काढली की नजर कमी होते, ही भीती मनातून काढून टाका. डोळ्यांच्या नसांचा तिच्याशी संबंध नाही. काढल्यावर २४ तास जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, विडी-तंबाखू टाळा. जखमेतली रक्ताची गाठ निघाली की असह्य ठणका लागतो. मात्र जी अक्कलदाढ सरळ आली आहे, किडलेली नाही, त्रास देत नाही, ती उगाच काढू नये.

सूज टाळायची तर रात्री झोपण्यापूर्वी शेवटच्या दाढेच्या मागपर्यंत ब्रश न्या, जेवणानंतर चूळ भरा. लग्न झालेल्या मुलींनी बाळाचा विचार करण्याआधी अर्धवट आलेली दाढ दाखवून घ्यावी, कारण गरोदरपणात एक्स-रे आणि औषधं दोन्हींबाबत फार जपावं लागतं. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

आणि हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवा. हनुवटीखाली कडक सूज आली, जीभ वर ढकलली गेली, लाळ गिळता येईना, आवाज बदलला किंवा श्वास लागला, तर सकाळची वाट पाहू नका. घसा आतून बंद होऊ शकतो. १०८ला फोन करा आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्या, मध्यरात्र असली तरी.