धर्मचित्रे आणि देशोदेशीचे वेष



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही चित्रकलेविषयी बोलावे, हे कित्येकांस विलक्षण वाटेल. परंतु ज्या तसबिरींपुढे आपण बालपणापासून गुडघे टेकीत आलो, त्यांतील वेष कोणत्या देशचा, हा विचार आपण सहसा करीत नाही. गोरा वर्ण व निळा झगा हेच पवित्र मरियेचे खरे रूप, असे आपण धरून चालतो. चित्रकलेचे अध्ययन प्रथम हा भ्रम दूर करिते.

यान व्हान आइक या फ्लेमिश चित्रकाराने सुमारे १४३५ साली काढिलेले मरिया व चॅन्सेलर रोलँ यांचे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात पवित्र मातेच्या मागे नाझरेथ नाही. नदी, पूल आणि युरोपीय नगराची घरे आहेत. चित्रकाराने तिला आपल्या देशी आणिले. त्यास कोणी दोष देत नाही, देऊही नये.

मग तोच अधिकार गोमंतकीय चित्रकारास का नसावा? आंजेलो द फॉन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यात झाला. मुंबईच्या कलाशाळेतील पाश्चात्य वळणाने समाधान होईना, म्हणून ते शांतिनिकेतनास अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी गेले. तेथे हिंदी चित्रपरंपरा अभ्यासून त्यांनी मरियेस साडी नेसविली. गोव्यात अनेकांस ते रुचले नाही. पुढे ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढू लागले. तो आश्रम अँग्लिकन मंडळींचा. कॅथॉलिक चित्रकारास आसरा मिळाला तो दुसऱ्या पंथाच्या छपराखाली, हे आपणांस थोडे बोचावे. आपल्या आज्या लुगडे नेसूनच मिस्सास येत. देवळात चालणारे ते वस्त्र तसबिरीत मात्र चालेना!

ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानिलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट सांगितले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६७ साली, फॉन्सेका निवर्तले.

जुन्या तसबिरी भिंतीवरून उतरवाव्या, असे आमचे म्हणणे नाही. आमची सूचना इतकीच की, धर्मशिक्षणाच्या वर्गात ही दोन्ही चित्रकारांची चित्रे मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवावी आणि कोणता वेष कोणत्या देशचा, हे त्यांनाच ओळखू द्यावे. फॉन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रापाशी आहे. युवकमंडळाची पुढील सहल तेथे न्यावी.