गोळी वेळेवर, काढा जोडीला

(वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोळ्याच्या आगेमागे आपल्या वर्धा जिल्ह्यात कपाशीत निंदण चालू असते, सोयाबीन दाटलेले असते आणि धुऱ्यावरचे गवत मांडीपर्यंत पोचलेले असते. याच दिवसांत घरोघर तापाचे रोगी निघतात. मलेरिया आणि डेंग्यू आपल्याला माहीत आहेत. त्यांच्यासारखाच दिसणारा आणखी एक ताप आहे, स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात या तापाने माणसे दगावली, तेव्हा हे नाव खेड्यापाड्यांत पोचले.

ताप आला की आपला हात पहिल्यांदा गुळवेलीकडे जातो. कडुनिंबावर चढलेली गुळवेल आणायची, ठेचायची, तुळस, सुंठ, मिरे घालून काढा उकळायचा. ही आपली जुनी रीत आहे आणि ती टाकून द्या असे सांगायला मी आलेलो नाही. या तापात काढ्याची जागा कोणती आणि गोळीची जागा कोणती, एवढेच आज आपण पाहू.

रोग कसा होतो?

गवतात, झुडपांत आणि उंदरांच्या बिळांजवळ माइट नावाचे कोळ्याच्या जातीतले अगदी बारीक जीव राहतात. त्यांची अळी डोळ्यांना जेमतेम दिसते. ती गवतातून अंगावर चढते आणि काख, जांघ, कंबर, गुडघ्यामागची खोबण अशा झाकलेल्या जागी चावते. चावा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. त्यातून ओरिएन्शिया नावाचा जंतू शरीरात जातो. साधारण ६ ते २१ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोके व अंग ठणकते, गाठी सुजतात.

चावलेल्या जागी पुष्कळांना काळी खपली दिसते, विडीचा चटका बसल्यासारखी. सर्वांनाच ती येत नाही, पण दिसली तर तो मोठा पुरावा समजावा. म्हणून तापाच्या रोग्याचे सर्व अंग उजेडात नीट पाहावे. स्त्रिया संकोचाने अशी खपली दाखवत नाहीत. घरातील बाईमाणसाने ती पाहून डॉक्टरांना जरूर सांगावे. खपलीवर हळदीचा किंवा पाल्याचा लेप लावून ती झाकू नये.

काढा एकटा का पुरत नाही?

आपण कपाशीवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारतो. किडीची अंडी आणि लहान अळ्या असतात तोवर त्याचा उपयोग होतो. पण बोंडअळी एकदा बोंडात शिरली की बाहेरून अर्क फवारून ती हाती लागत नाही. या रोगाचेही तसेच आहे. हा जंतू शरीराच्या पेशींच्या आत शिरून वाढतो. गुळवेल, निंब किंवा तुळस यांनी माणसातील हा जंतू मरतो, असे सिद्ध झालेले नाही. पेनिसिलीनच्या गटातील इंजेक्शनेसुद्धा येथे लागू पडत नाहीत. लागू पडते ते डॉक्सीसायक्लीन हे साधे, स्वस्त औषध. प्रौढांना ते बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, साधारण ७ दिवस देतात. गरोदर स्त्रियांना ॲझिथ्रोमायसीन देतात. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत.

औषध वेळेवर सुरू झाले तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरू लागतो. वेळ गेली तर दुसऱ्या आठवड्यात फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू यांवर परिणाम होतो. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर उपचार न झालेल्या शंभर रोग्यांत सरासरी सहा दगावतात, काही ठिकाणी त्याहून पुष्कळ जास्त. उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण दीडच्या आसपास येते. काढ्यावर विसंबून जे सात-आठ दिवस जातात, ते जिवावर बेततात.

अमेरिका व युरोपात गोचिडीपासून लाइम नावाचा रोग होतो. तेथेही अनेक लोक वनस्पतींच्या गोळ्या व अर्क घेतात. पण त्या रोगाचाही मुख्य उपचार प्रतिजैविकांचाच आहे आणि त्यांतही डॉक्सीसायक्लीनच बहुधा आधी देतात.

काढा घेताना काय सांभाळावे?

१. डॉक्टरांना काढ्याची माहिती द्यावी. काय घेतो, किती घेतो, हे लपवू नये.

२. डॉक्सीसायक्लीन दुधाबरोबर घेऊ नये. चुन्याचे म्हणजे कॅल्शियमचे, लोहाचे आणि आम्लपित्ताचे औषध त्याच वेळी घेतले तर गोळी नीट शोषली जात नाही. शंखभस्म, प्रवाळभस्म, लोहभस्म यांतही हीच द्रव्ये असतात. हळदीचे दूध किंवा भस्म घ्यायचेच असेल तर गोळीपासून दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे.

३. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. हे औषध चालू असताना उन्हाने कातडी लवकर भाजते, म्हणून त्या दिवसांत निंदणाला जाऊ नये.

४. गुळवेल ओळखूनच आणावी. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले; आयुष मंत्रालयाने मात्र गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले. स्क्रब टायफसमध्ये यकृताला आधीच सूज असू शकते, तेव्हा ताप चालू असताना ती घेऊ नये हेच शहाणपणाचे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण गुळवेलीने साखर उतरू शकते.

५. ताप उतरल्यावर तोंडाला चव नसते, अशक्तपणा राहतो. तेव्हा सुंठीचे पाणी, मुगाचे कढण, ताक, भाताची पेज यांचा चांगला आधार होतो. पुढे ताकदीसाठी वनौषधी घ्यायची तर शिकलेल्या वैद्याला विचारावे.

दवाखान्यात कधी जावे?

शेतात काम करणाऱ्याला पावसाळ्यात किंवा त्यानंतर दोन दिवसांहून अधिक ताप राहिला, की प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि "मी गवतात काम करतो" हे आपणहून सांगावे. खपली दिसली तर त्याच दिवशी जावे. दम लागणे, लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, बरळणे यांपैकी काही दिसले तर थेट सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे रुग्णालय किंवा जिल्हा सामान्य रुग्णालय गाठावे. रक्ताची तपासणी पहिल्या काही दिवसांत निर्दोष येऊ शकते, म्हणून लक्षणांवरून डॉक्टर औषध सुरू करतात. त्यात वावगे काही नाही.

रोग टाळण्यासाठी

निंदणाला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा व पायजमा घालावा, स्त्रियांनी हातपाय झाकावेत. न्याहारीनंतर गवतावर आडवे होऊ नये, कपडे झुडपांवर वाळत घालू नयेत. घरी येताच साबणाने अंग चोळून आंघोळ करावी आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत. घर व गोठ्याभोवतीचे गाजरगवत काढावे, उंदरांचा बंदोबस्त करावा.

सेवाग्रामची ही भूमी निसर्गोपचार मानणाऱ्या गांधीजींची आहे. त्याच गांधीजींनी जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. निसर्गावरचा त्यांचा विश्वास त्यानंतरही कायम राहिला. आपणही परसातली गुळवेल जरूर जपावी, मात्र ताप अंगात असताना आधी दवाखान्याची वाट धरावी.